पंप नसलेली व्यवस्था : लसीकेची चारशे वर्षं

इन्स्टाग्रामवर एकदा 'लिम्फॅटिक' हा शब्द शोधून बघा, नंतर कित्येक दिवस अल्गोरिदम तुमची पाठ सोडत नाही. कोरड्या ब्रशने तळपायापासून वर घासत जायचं, जबड्याखाली गुळगुळीत दगड फिरवायचा, छोट्या ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायच्या, कसलासा हिरवा चहा प्यायचा, की म्हणे शरीरातली सगळी घाण बाहेर! या रील्समध्ये एक वाक्य हमखास असतं : 'तुमच्या लसीकेला पंप नसतो.' गंमत म्हणजे एवढं एक वाक्य बरंचसं खरं आहे. पण त्याचा अर्थ कळायला माणसाला जवळपास तीनशे वर्षं लागली आणि मग नेमकं करायचं काय, हे कळायला आणखी शंभर. ती उत्तरंही स्पा किंवा सलूनमधून आली नाहीत. ब्राझीलमधल्या गरीब वस्त्या, केरळची किनारपट्टी आणि कॅनडातली एक होडी असा त्यांचा प्रवास आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. हृदयातून निघालेलं रक्त बारीक केशवाहिन्यांपर्यंत पोचतं, तेव्हा त्यातलं थोडं पाणी, क्षार आणि प्रथिनं भिंतींमधून पाझरून पेशींच्या मधल्या जागेत उतरतात. दिवसभरात हे पाझरलेलं पाणी काही लिटर होतं. ते तिथेच साचलं तर आपण सुजत जाऊ. म्हणून ते गोळा करणारं, वाटेत गाळणारं आणि शेवटी मानेच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरांमध्ये परत ओतणारं नळ्यांचं जाळं शरीरभर पसरलेलं आहे. त्या नळ्या म्हणजे लसीकावाहिन्या, त्यातलं पाणी म्हणजे लसीका. वाटेत काखेत, मानेत, जांघेत, पोटात शेकडो लहान ग्रंथी असतात. जंतू अडवण्याचं काम तिथे चालतं.

आपल्या आज्या-पणज्यांना हा नकाशा माहीत नव्हता, पण त्याचा एक टोकाचा बिंदू ठाऊक होता. पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. गावाकडे तिला 'अवधाण आलं' म्हणतात. जखम पायाला आणि गाठ जांघेत, म्हणजे मधे काहीतरी रस्ता असणार, हे त्या एका शब्दात गृहीत आहे. तो रस्ता डोळ्यांनी बघायला मात्र १६२२ साल उजाडावं लागलं.

जेवलेला कुत्रा

२३ जुलै १६२२. इटलीतल्या पाविया विद्यापीठातला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक गास्पारे असेल्ली मिलानमध्ये काही मित्रांना घशाकडे जाणाऱ्या नसा आणि श्वासपटलाची हालचाल दाखवत होता. त्यासाठी जिवंत कुत्रा चिरला होता. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी शरीर शिकायचा तोच मार्ग होता. पोट उघडल्यावर असेल्लीला आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या बारीक रेषांचं जाळं दिसलं. आधी त्याला वाटलं, या नसाच. मग त्याने एक रेष कापली, तर आतून दुधासारखा द्रव बाहेर आला.

पुढची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा कुत्रा घेतला आणि तिथे काहीच दिसलं नाही. माझ्या कामात याला 'बग रिप्रोड्यूस होत नाही' म्हणतात आणि बरेच लोक इथे तिकीट बंद करून घरी जातात. असेल्लीने दोन्ही वेळी काय वेगळं होतं ते शोधलं. पहिला कुत्रा भरपेट जेवलेला होता, दुसरा उपाशी होता. २६ जुलैला त्याने तिसऱ्या कुत्र्याला खायला घालून पुन्हा बघितलं आणि पांढऱ्या रेषा हजर! जेवणातली चरबी आतड्यातून या वाहिन्यांत शिरते, म्हणून त्या दुधाळ दिसतात. उपाशी पोटी त्यातला द्रव पाण्यासारखा असतो, त्यामुळे वाहिन्या समोर असूनही दिसत नाहीत.

असेल्लीचं पुस्तक १६२७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलं. शरीररचनेची रंगीत चित्रं छापलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. मात्र या वाहिन्या कुठे जातात याचं उत्तर त्याने जुन्याच समजुतीतून दिलं. ग्रीक वैद्य गेलनच्या काळापासून, म्हणजे चौदाशे वर्षं, युरोपात असं मानत की अन्नरस यकृतात जातो आणि तिथे त्याचं रक्त बनतं. असेल्लीने आपल्या वाहिन्याही यकृताकडेच नेऊन जोडल्या. पुढच्याच वर्षी, १६२८ मध्ये, विल्यम हार्वेचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक आलं. गेलनला एवढा मोठा धक्का देणाऱ्या हार्वेनेही या दुधाळ वाहिन्यांना शेवटपर्यंत फारसं महत्त्व दिलं नाही.

यकृताचा मृत्युलेख

१६५१ मध्ये फ्रान्समधल्या जाँ पेके या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने खरा रस्ता छापून दाखवला. कुत्र्याचं हृदय काढल्यावर त्याला वरच्या मोठ्या शिरेत पांढरा द्रव दिसला. आधी तो त्याला पू वाटला. मग उलट्या दिशेने माग काढत तो कण्याच्या पुढून वर चढणाऱ्या एका नळीपर्यंत आणि तिच्या तळाशी असलेल्या लहानशा पिशवीपर्यंत पोचला. अन्नरसातली चरबी यकृताला वळसा घालून थेट मानेजवळच्या शिरेत येत होती.

आतड्याबाहेरही, सगळ्या शरीरात, अशाच पण स्वच्छ पाणी वाहणाऱ्या नळ्या आहेत, हे पुढच्या दोन वर्षांत दोघांनी वेगवेगळं दाखवलं. स्वीडनच्या उप्साला इथल्या ओलाउस रुडबेकने १६५२ मध्ये राणी क्रिस्तीनासमोर प्रात्यक्षिक केलं. तेव्हा तो जेमतेम बाविशीच्या आसपास होता. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा नामांकित प्राध्यापक थोमास बार्तोलिन याने मात्र १६५३ मध्ये आपलं पुस्तक रुडबेकच्या आधी छापलं. एकाने डेमो आधी दिला, दुसऱ्याने रिलीज आधी केलं. मग काय, चोरीचे आरोप, उलट आरोप, शिष्यांनी लिहिलेली पत्रकं, असं वर्षानुवर्षं चाललं. नाव मात्र बार्तोलिनचं टिकलं. लॅटिनमधल्या 'स्वच्छ पाणी' या अर्थाच्या शब्दावरून त्याने या द्रवाला 'लिम्फ' म्हटलं. यकृत रक्त बनवत नाही हे ठरल्यावर त्याने यकृताचा चक्क मृत्युलेखही लिहिला!

चालवतं कोण?

नकाशा तयार झाला, पण वाहतूक कशी होते हा प्रश्न उरला. रक्ताला हृदय आहे. पायाच्या अंगठ्यातून मानेपर्यंत हे पाणी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध कोण चढवतं?

पहिला धागा १६६५ मध्ये मिळाला. नेदरलँड्सच्या फ्रेडरिक रॉइशने दाखवलं की या नळ्यांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात आणि त्या एकाच दिशेला उघडतात. म्हणजे नळी कशानेही दाबली गेली तरी पाणी पुढेच सरकणार, मागे येणार नाही. दाब कुठून येतो याला मग तितकं महत्त्व उरत नाही.

१७८७ मध्ये इटलीच्या पाओलो मास्काग्नीने पाऱ्याची बारीक पिचकारी वापरून माणसाच्या शरीरातलं हे जाळं इतक्या बारकाईने रेखाटलं, की त्याचे नकाशे आजही थक्क करतात. मेंदूच्या आवरणातही या वाहिन्या आहेत असं त्याने नोंदवलं होतं. पुढच्या शरीरशास्त्रज्ञांनी ते खोडून काढलं आणि पाठ्यपुस्तकं दोन शतकं सांगत राहिली की मेंदूला लसीकावाहिन्या नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या आवरणात त्या स्वतंत्रपणे शोधून काढल्या. म्हातारा बरोबर होता!

पाणी रक्तातून बाहेर का येतं आणि किती आत राहतं, याचं गणित १८९६ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने मांडलं. रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. या रस्सीखेचीत जे बाहेर उरतं ते लसीकेच्या वाट्याला येतं.

पुढच्या संशोधनातून वाहतुकीचंही चित्र स्पष्ट झालं. मोठ्या लसीकावाहिन्या स्वतःच मिनिटाला काही वेळा हलकेच आकुंचन पावतात. म्हणजे रीलमधलं वाक्य दुरुस्त करायचं तर, मध्यवर्ती पंप नाही, पण हजारो छोटे पंप आहेत. त्यांना मदत करणाऱ्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे आजूबाजूचे स्नायू. तुम्ही चालता तेव्हा पोटरी आवळते, सैल होते, आणि दर वेळी पाणी एक झडप वर चढतं. दुसरी म्हणजे श्वास. खोल श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो, आणि पेकेने शोधलेल्या त्या नळीतलं पाणी वर ओढलं जातं.

पुणे-नागपूर रात्रीच्या बसमधून सकाळी उतरताना बूट घट्ट का होतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. रात्रभर पाय खाली, पोटरी स्वस्थ. शिरांमधला दाब वाढून पाणी पाझरत राहतं आणि परत नेणारी व्यवस्था ढिली पडते. दिवसाचे नऊ तास खुर्चीत काढणाऱ्या माझ्यासारख्यांचं ऑफिस म्हणजे सौम्य स्वरूपात तीच बस आहे. निरोगी माणसात हे तासाभराच्या चालण्याने ओसरतं. व्यवस्थाच बिघडली तर काय होतं, हे जगाने एका वेगळ्याच रोगातून शिकलं.

जुनं पाणी

सुश्रुतसंहितेत 'श्लीपद' नावाचा रोग आहे. पाय दगडासारखा, वारुळासारखा सुजतो. हाच प्रकार हात, कान, ओठ यांतही होऊ शकतो, असंही तिथे म्हटलंय. सगळ्यात लक्षवेधी आहे ती भूगोलाची नोंद. जुनं साचलेलं पाणी पुष्कळ आणि सगळ्या ऋतूंत गारवा असतो अशा प्रदेशांत हा रोग विशेष दिसतो. कारण माहीत नसताना ठिकाण अचूक हेरलं होतं. मराठीत आपण त्याला हत्तीरोग म्हणतो, किंवा सरळ हत्तीपाय. रोगाचं नाव म्हणून शब्द सोपा आहे, पण गावात तो माणसाचं नाव होऊन बसतो, आणि मग लग्नं जुळण्यापासून मजुरी मिळण्यापर्यंत सगळीकडे त्याच्या आधी पोचतो.

कारणाचा शोध एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या खंडांत तुकड्या-तुकड्यांनी लागला. १८६६ मध्ये ब्राझीलच्या बाईया प्रांतात ओटो वुखेररला रुग्णांच्या लघवीत बारीक कृमी दिसले. १८७२ मध्ये कोलकात्यात टिमथी लुईसला ते माणसाच्या रक्तात सापडले. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये जोसेफ बँक्रॉफ्टला पूर्ण वाढलेला कृमी मिळाला. आज त्या कृमीचं शास्त्रीय नाव, वुखेरेरिया बँक्रॉफ्टी, यातल्या दोघांची आठवण ठेवतं.

कृमी एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? चीनमधल्या अमॉय बंदरावर काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने १८७७ मध्ये आपल्या माळ्याला, हिन लोला, एका खोलीत झोपवून डासांना त्याचं रक्त पिऊ दिलं. हिन लोच्या रक्तात हे कृमी होते. मग मॅन्सनने ते डास उघडून आत कृमींची वाढ होताना पाहिली. डास माणसाच्या रोगाचा वाहक असतो याचा हा पहिला पुरावा. यातला अंगावर डास घेणारा माणूस मात्र बहुतेक पुस्तकांत अर्ध्या ओळीत संपतो. मॅन्सनचा पुढचा तर्क चुकला. त्याला वाटलं की डास पाण्यात मरतात आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते. कृमी डासाच्या सोंडेत येऊन बसतो, म्हणजे चाव्यातूनच शिरतो, हे १९०० मध्ये लंडनमध्ये जॉर्ज लो याने दाखवलं. याच मॅन्सनच्या सल्ल्याने रोनाल्ड रॉसने भारतात मलेरियाचे डास तपासायला घेतले होते, ती कथा आपल्याला शाळेपासून माहीत असते.

मॅन्सनने आणखी एक गोष्ट टिपली. या कृमींची पिल्लं रक्तात रात्री दिसतात, दिवसा जवळजवळ गायब असतात. तो प्रसार करणारे डासही रात्री चावणारे. म्हणूनच फायलेरियाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना रात्री घरोघर जाऊन लोकांना उठवून रक्ताचे थेंब घ्यावे लागत आले आहेत. सरकारी कामाची वेळ इथे कृमीने ठरवली आहे.

पूर्ण वाढलेले कृमी लसीकावाहिन्यांतच वर्षानुवर्षं राहतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात, पाणी खाली साचतं. १९४७ मध्ये डीईसी हे औषध आलं. रक्तातली पिल्लं त्याने झपाट्याने मरतात आणि प्रसार थांबवता येतो. पण ज्याचा पाय आधीच सुजला आहे, त्याचं काय? डीईसीने तो पाय उतरत नव्हता. डॉक्टरांकडे सांगण्यासारखं फारसं काही नसायचं. हा पाय आता असाच राहणार, एवढंच रुग्णाच्या हाती यायचं.

साबण आणि पाणी

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रेसिफे शहरात जेरुझा ड्रेयर या डॉक्टर १९९० च्या दशकात अशा रुग्णांवर काम करत होत्या. त्यांच्या गटाने १९९४ मध्ये अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर लसीकावाहिनीत वळवळणारे जिवंत कृमी दाखवले होते. पण खरी कलाटणी अगदी साध्या निरीक्षणातून मिळाली.

हत्तीपायाच्या रुग्णाला अधूनमधून झटके येतात. थंडी वाजून ताप भरतो, पाय लाल आणि गरम होतो, आठवडाभर उठवत नाही. प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढते आणि कातडी जाड होते. हे झटके कृमींमुळे येतात असंच सगळे धरून चालले होते. ड्रेयर यांनी रुग्णांच्या पायांच्या बोटांमध्ये पाहिलं. तिथे चिखल्या होत्या, भेगा होत्या, बुरशी होती. बहुतेक झटके तिथून शिरणाऱ्या जिवाणूंचे होते. लसीकेचा निचरा थांबलेल्या पायात जंतूंना अडवणारी यंत्रणाही लुळी पडलेली असते, त्यामुळे एखादी चिखलीसुद्धा पुरते.

जिवाणूच असतील तर उपाय प्रत्येक घरात होता. रोज साबण आणि स्वच्छ पाण्याने पाय धुवायचा. बोटांच्या बेचक्या हळुवार पुसून पूर्ण कोरड्या करायच्या. भेगांना, चिखल्यांना मलम लावायचं. बसताना-झोपताना पाय उंचावर ठेवायचा. घोटा फिरवायचा, टाचा उचलायच्या. पायाला बसेल अशी चप्पल घालायची. रेसिफेमध्ये रुग्णांनी एकत्र येऊन 'आशेचे क्लब' काढले. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेले लोक तिथे एकमेकांना पाय धुवायला शिकवू लागले. झटके कमी झाले, दुर्गंधी गेली, अनेकांची सूजही काही प्रमाणात उतरली.

याच दशकात केरळमधल्या अलप्पुळा भागात डॉ. आर. के. शेणॉय आणि सहकाऱ्यांनी पेनिसिलिन, डीईसी आणि पायाची स्थानिक निगा यांची पद्धतशीर तुलना केली. झटके टाळण्याच्या कामी काटेकोर निगा हा स्वतःच एक परिणामकारक उपाय ठरला. केरळच्याच कासरगोडमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी या संस्थेने पुढे धुणं, वनस्पतींच्या पाण्यात पाय भिजवणं, योगासनं, श्वसन, हलका मसाज आणि दाब देणाऱ्या पट्ट्या यांची सांगड घातली. इथिओपियाच्या डोंगराळ भागात तर कृमी नसतानाही हत्तीपाय होतो. लाल ज्वालामुखीय मातीतले बारीक कण अनवाणी पायातून आत जातात आणि लसीकावाहिन्या बिघडवतात, हे अर्नेस्ट प्राइस या ब्रिटिश सर्जनने १९७० च्या दशकात मांडलं. तिथला प्रतिबंधक उपाय म्हणजे बुटांचा जोड.

लसीकेसाठी नैसर्गिक उपाय शोधणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. चारशे वर्षांच्या शोधानंतर हाती आलेली सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे शाबूत, स्वच्छ कातडी आणि हालचाल. जाहिरात करण्यासारखं त्यात काही नाही, म्हणूनच बहुधा तिची रील होत नाही.

जड उचलू नका

श्रीमंत देशांत लसीकेची सूज दुसऱ्या वाटेने आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन विल्यम हॅलस्टेड स्तनाच्या कर्करोगात स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीकाग्रंथी असं सगळं एकत्र काढत. ही पद्धत अनेक दशकं जगभर चालली. काखेतला निचराच गेल्यामुळे अनेक बायकांचा हात कायमचा सुजायचा. १९२१ मध्ये हॅलस्टेडनेच त्याला 'शस्त्रक्रियेतून आलेला हत्तीरोग' अशा अर्थाचं नाव दिलं.

या सुजेवर मसाज, दाब देणाऱ्या पट्ट्या, त्वचेची निगा आणि व्यायाम असा एकत्रित उपचार ऑस्ट्रियन सर्जन अलेक्झांडर फॉन विनीवार्टर याने १८९२ मध्येच सुचवला होता, पण तो विस्मरणात गेला. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये राहणाऱ्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने त्वचा जेमतेम सरकेल इतक्या हलक्या हाताच्या मसाजाचं तंत्र बसवलं. एमिल डॉक्टर नव्हता, त्यामुळे वैद्यक जगाने बराच काळ त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पुढे जर्मनीत मिखाएल फ्योल्डी यांनी त्याला पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेच्या काळजीची जोड दिली. आज जगभर लसीकासूज तशीच हाताळतात. रील्समधला 'लिम्फॅटिक मसाज' याच तंत्राचा दूरचा नातेवाईक आहे, फक्त त्याचे इतर तीन भाऊ वाटेत हरवले आहेत.

या बायकांना मात्र दशकानुदशकं एकच सल्ला मिळत होता : हात जपा, जड उचलू नका. पाण्याची घागर, बाजाराची पिशवी, कडेवरचं मूल, सगळ्यावर बंदी. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डॉन मकेंझी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ बायकांना त्यांनी ड्रॅगन बोट, म्हणजे लांबलचक चिनी शर्यतीची होडी, वल्हवायला शिकवलं. हातांना याहून कष्टाचा खेळ शोधून सापडला नसता. हंगाम संपला तेव्हा नव्याने कुणाचाही हात सुजला नव्हता. आज असे संघ जगभर आहेत.

२४ हा आकडा लहान आहे आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही शंका रास्त. २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाने आधीच सूज असलेल्या १४१ बायकांवर नीट चाचणी केली. एका गटाने आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजनं उचलली, दुसऱ्याने नाही. वजनं उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट त्रास बळावण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. काळजीपोटी दिलेला सल्ला इतकी वर्षं पुराव्याशिवाय चालत आला होता, आणि त्याची किंमत बायकांनी स्वतःचा हात न वापरून मोजली होती.

बाहेर जाणारी वाट नाही

आता रील्सकडे पुन्हा बघू. 'लसीकेतून विषं बाहेर टाका' हे शरीराच्या नकाशातच बसत नाही. पेकेने १६५१ मध्येच दाखवलं की ही वाट रक्तात संपते. शरीराबाहेर उघडणारं दार तिला नाही. नको असलेलं बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. ट्रॅम्पोलिनमुळे लसीकेचा वेग कित्येक पटींनी वाढतो असं नासाच्या नावावर फिरवलं जातं. नासाशी संबंधित १९८० चा तो अभ्यास उड्या मारताना शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांबद्दल आणि प्राणवायूच्या वापराबद्दल होता. उड्या मारायला आवडत असेल तर जरूर मारा, कारण पोटऱ्या त्यातही हलतात. जिना चढतानाही हलतात.

निरोगी माणसाला लसीकेसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तासाभराने उठून चालावं, पोटापासून श्वास घ्यावा, वजन आटोक्यात ठेवावं, पावसाळ्यात चिखल्यांकडे दुर्लक्ष करू नये. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला किंवा गाठ आठवडे उलटूनही जात नसेल, तर मसाज न करता डॉक्टरकडे जावं. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर चोळणं धोक्याचं ठरू शकतं.

आणि एक गोळी आहे, तिच्याबद्दल आपण शहरात क्वचितच बोलतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे आपल्याच राज्यातले हत्तीरोगाचे जिल्हे. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात या रोगावर अनेक वर्षं संशोधन झालं आहे. २००४ पासून देशभर बाधित जिल्ह्यांत सगळ्यांना औषध देण्याची मोहीम चालते. २०१८-१९ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या काही जिल्ह्यांत नागपूर होतं. आरोग्य कर्मचारी दारात येऊन गोळ्या समोरच गिळायला सांगतात. बरेच जण 'जेवून घेतो' म्हणून त्या खिशात ठेवतात आणि विसरतात. मला काही झालेलं नाही, मग मी का घेऊ, असं वाटणं साहजिक आहे. पण कृमी वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. आज ठणठणीत दिसणाऱ्याच्या रक्तातून डास तो शेजारच्या पोराकडे नेऊ शकतो. गोळी घेतल्यावर कुणाला थोडा ताप किंवा चक्कर आली, तर अनेकदा ती आतली पिल्लं मरत असल्याची खूण असते.

ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत, त्यांच्यासाठी मोहिमेचा दुसरा भाग आहे. टब, मग, साबण, टॉवेल, मलम, आणि पाय कसा धुवायचा ते दाखवणारा कुणीतरी. रेसिफेमध्ये जे शिकवलं जायचं, तेच. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असा एखादा माणूस असेल, तर त्याला ही माहिती अजून कुणी सांगितलेलीच नसण्याची शक्यता बरीच आहे. ती सांगायला डॉक्टर असण्याची गरज नाही.